मान वळवणाऱ्या पिना

ही किल्ली जरा उजेडात धरू. आपल्या दाराच्या लॅचच्या किल्लीला असतात तशाच खाचा हिलाही आहेत. पण त्या सरळ नाहीत. एक डावीकडे तिरकी, पुढची उजवीकडे, त्यानंतरची सरळ. बघणाऱ्याला वाटावं, कानस घसरली. हा तिरकेपणा मात्र अगदी मोजूनमापून दिलेला आहे.

किल्ली आहे मेडेको या कंपनीच्या कुलपाची. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सेलममध्ये रॉय स्पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. 1968 मध्ये ते बाजारात आलं, 1970 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

आता आत जाऊ. सिलिंडर, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग, बाहेर काढताना मागून तेवढ्याच जाडीची दांडी सरकवत न्यायची, नाहीतर स्प्रिंगा टेबलभर उडतात.

साध्या पिनांच्या कुलपात प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना असतात आणि वर स्प्रिंग. किल्ली पिनांना उचलते. प्रत्येक जोडीचा सांधा सिलिंडरच्या काठाशी आला, की सिलिंडर फिरतो. तिथे किल्लीने फक्त उंची सांगायची असते.

इथली खालची पीन चिमट्यात धरून बघा. टोक गोल नाही, छिन्नीसारखं धारदार आहे. तिरक्या खाचेत ही धार बसली, की अख्खी पीनच स्वतःभोवती वळते. डावीकडे वीस अंश, उजवीकडे वीस अंश किंवा मधोमध. एका पिनेला तीन दिशा, म्हणजे सहा पिनांच्या कुलपात नुसत्या दिशांच्याच 729 जुळण्या झाल्या. उंचीचा हिशेब अजून धरलेलाच नाही!

पण पीन वळली, हे कुलपाला कळतं कसं? त्यासाठी सिलिंडरच्या कुशीत एक पट्टी बसवली आहे, साइडबार. मला या कुलपातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. तिला आतल्या बाजूने कंगव्यासारखे दात आहेत, आणि प्रत्येक पिनेच्या अंगावर एक उभी चर. बारीक स्प्रिंगा पट्टीला बाहेर, सिलिंडरभोवतीच्या कवचातल्या खोबणीत रेटून धरतात. सिलिंडर फिरवू लागलो, की खोबणीची उतरती भिंत पट्टीला आत ढकलते. सगळ्या चरी दातांसमोर असतील, तरच ती आत जाते.

पाच पिना नेमक्या जागी आहेत, सहावी किंचित वाकडी आहे. उंची सगळ्यांची बरोबर, तरी सिलिंडर हलत नाही. पट्टीचा एक दात पिनेच्या अंगावर अडला आहे.

आता खरी किल्ली. पट्टी आत सरकली, सिलिंडर फिरला.

आणि हे थोडं सावकाश बघू. किल्ली बाहेर येताना तिच्या खाचा एकेका पिनेखालून सरकत जातात, आणि येणाऱ्या प्रत्येक खाचेबरोबर पीन मान वळवते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मधे.