वर्गणीतली शवपेटी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात कॅम्प डेव्हिस नावाचा एक लष्करी तळ होता. दुसरं महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९४३ मधल्या एका रात्री तिथे सरावाचं विमान उतरता उतरता कोसळलं आणि पेटलं. मागच्या आसनावरचा प्रशिक्षक बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला. पुढे मेबल रॉलिन्सन ही वैमानिक मुलगी होती. तिच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाची कडी आधीपासूनच नादुरुस्त होती. ते आतून उघडेना. मेबल तिथेच जळून गेली.

विमान लष्कराचं, तळ लष्कराचा, हुकूम लष्कराचा. मेबल मात्र कागदोपत्री साधी मुलकी नोकर. तिच्यासारख्या ३८ जणी त्या काळात गेल्या, आणि त्यांतल्या एकीच्याही शवपेटीवर राष्ट्रध्वज घालायला सरकारची मंजुरी नव्हती. पार्थिव घरी पाठवायचा खर्च घरच्यांनी करायचा. त्यांना तो झेपत नसेल, तर बरोबरीच्या वैमानिक मुली आपापसांत वर्गणी काढत.

या मुलींच्या दलाचं इंग्रजी नाव विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स. त्यातली आद्याक्षरं जोडली की शब्द होतो वास्प, म्हणजे आपली गांधीलमाशी. नाव शोभण्यासारखंच होतं. अर्ज आले पंचवीस हजारांवर, घेतल्या १८३० आणि शिकून बाहेर पडल्या १०७४. टेक्सासातल्या स्वीटवॉटर गावी स्वखर्चाने पोचायचं, तिथे पुरुषांच्या मापाचे ढगळ अंगरखे बाह्या दुमडून घालायचे आणि लष्करी शिस्तीत राहायचं. पुढचं काम म्हणजे कारखान्यातून निघालेली नवी विमानं तळावर पोचवणं, दुरुस्त झालेली उडवून बघणं. सगळ्यांत जिवावरचं काम वेगळंच होतं. विमानामागे लांब कापडी निशाण बांधून उडत राहायचं आणि खालच्या शिकाऊ तोफचींनी त्यावर खरा दारूगोळा डागायचा. नेम चुकला की भोकं विमानाला पडत.

आणखी एक किस्सा सांगतोच. बी-२९ हे नवं अजस्र बॉम्बफेकी विमान, त्याची इंजिनं पेट घेत, म्हणून पुरुष वैमानिक चालवायला कां-कूं करत. पॉल टिबेट्स या अधिकाऱ्याने १९४४ मध्ये दोन वास्पना ते शिकवलं आणि तळातळावर उडवायला लावलं. पुरुषांची कुरकुर बंद झाली. हेच टिबेट्स पुढे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकायला गेले.

इतकं सगळं चाललेलं असताना, जून १९४४ मध्ये, वास्पना लष्करात सामावून घेणारं विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहात आलं आणि १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडलं. झालं असं होतं, की मुलकी उड्डाणशाळा बंद होत होत्या, तिथल्या पुरुष प्रशिक्षकांवर पायदळात जायची पाळी येणार होती. वास्पची कामं त्यांना हवी होती. त्यांनी वर्तमानपत्रं गाठली, प्रतिनिधी गाठले. २० डिसेंबर १९४४ रोजी वास्प दलच बरखास्त झालं. मुली आपापल्या खर्चाने घरी गेल्या. दप्तरं गुपित म्हणून कुलपात गेली.

बत्तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकी हवाई दल स्त्रियांना वैमानिक म्हणून घ्यायला निघालं. बातम्यांत आलं, लष्करी विमान स्त्रिया पहिल्यांदाच चालवणार! तोवर पन्नाशी ओलांडलेल्या या बायकांनी ते वाचलं आणि गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं. आम्हाला माजी सैनिक माना, अशी त्यांची मागणी. त्यांच्या बाजूने सिनेटर बॅरी गोल्डवॉटर उभे राहिले. युद्धात ते स्वतः विमानं पोचवायच्या कामावर होते. प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्ष मात्र विरोधात. त्यांच्यापुढे एका वास्पचा सेवामुक्तीचा दाखला ठेवला गेला. त्यात लिहिलं होतं, की हिने अमेरिकेच्या सैन्यात प्रत्यक्ष सेवा केली आहे. अध्यक्ष स्वतः जुने सैनिक, त्यांच्या दाखल्यावरही तेच शब्द. ३३ वर्षं ट्रंकेत पडलेल्या कागदाने काम केलं. नोव्हेंबर १९७७ मध्ये कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची सही झाली आणि या बायका माजी सैनिक ठरल्या.

वास्पना अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक त्यानंतर मिळालं. आपल्याकडे शौर्यचक्रं राष्ट्रपती देतात, त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक मात्र दर वेळी स्वतंत्र कायद्यानेच मिळतं. पहिलं १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठी ठरलं. वास्पसाठी टेक्सासच्या सिनेटर के बेली हचिसन यांनी विधेयक मांडलं, १ जुलै २००९ रोजी बराक ओबामा यांनी सही केली. १० मार्च २०१० रोजी संसदभवनात दोनशेच्या आसपास वास्प जमल्या, बहुतेक जणी चाकाच्या खुर्चीत किंवा कुणाचा तरी हात धरून. डीनी पॅरिश यांनी सगळ्यांच्या वतीने पदक घेतलं. सोन्याचं पदक एकच, ते संग्रहालयात. बाकीच्यांना कांस्य प्रती.

सोहळा देखणा होता, नाही म्हणत नाही. पण मला विचाराल तर पदकाचा कायदा हा सगळ्यांत सोपा कायदा. त्याने कुणाची नोकरी जात नाही, तिजोरीवर फारसा भार नाही, आणि विरोध करणारा वाईट दिसतो. १९४४ चा कायदा अवघड होता, म्हणून तो पडला.

याची प्रचीती २०१५ मध्ये आली. एलेन हार्मन ही वास्प त्या वर्षी वयाच्या ९५ व्या वर्षी वारली. आपल्या अस्थी आर्लिंग्टनच्या, सैनिकांसाठीच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवाव्यात, असं तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. पण वास्पना तिथे जागा देता येणार नाही, असं लष्कराने त्याच सुमारास ठरवलं होतं. पदक मिळून पाच वर्षं झाली होती. घरच्यांनी अस्थिकलश कपाटात ठेवला आणि नाती कामाला लागल्या. संसदेत त्यांचा मुद्दा मार्था मॅकसॅली यांनी उचलला, त्या स्वतः लढाऊ विमानाच्या वैमानिक. मे २०१६ मध्ये आणखी एक कायदा झाला. ७ सप्टेंबर २०१६ रोजी एलेनचा कलश कपाटातून निघाला आणि लष्करी इतमामाने आर्लिंग्टनला पोचला.

नमस्कार.