रोमचा नकार

मंडळी, येशूच्या पवित्र हृदयाच्या, म्हणजे त्याच्या प्रेमाच्या भक्तीसाठी महिन्याचा पहिला शुक्रवार पाळणारे इथे बरेच जण दिसतात, म्हणून थेट विषयालाच हात घालतो. या पवित्र हृदयाचा सण रोमकडे, म्हणजे पोपच्या दरबाराकडे मागितला गेला आणि रोमने नाही म्हटलं. १६९७, १७२७, १७२९, तिन्ही वेळा.

मागणी मूळची मार्गारेट मेरी अलाकोक या मठवासी भगिनींची. फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियालच्या मठात १६७३ ते १६७५ या काळात आपल्याला येशूची दर्शनं झाली आणि त्यांत त्याने हा सण मागितला, असं त्यांनी सांगितलं. मठात फारसं कुणी मनावर घेतलं नाही. विश्वास ठेवला तो क्लोद ला कोलोंबिएर या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी. ते १६८२ साली वारले, दोन वर्षांनी त्यांची टिपणं छापून आली आणि प्रथेप्रमाणे मठात जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचली गेली. त्यात या दर्शनांचा उल्लेख! आणि मार्गारेट मेरी तिथेच पंगतीला बसलेल्या. काय झालं असेल त्यांचं!

पुढे भक्ती पसरली. १७२० च्या प्लेगमध्ये मार्सेयच्या बिशपांनी अख्खं शहर पवित्र हृदयाला अर्पण केलं. भक्तमंडळांनाही रोमची मान्यता मिळत होती. अडलं होतं ते सणापाशी.

१७२६ च्या सुमारास येशूसंघाचे जोसेफ द गालिफे यांनी सणाची बाजू मांडली. हृदय हे प्रेमादी भावनांचं शरीरातलं स्थान आहे, असं त्यांनी त्यात गृहीत धरलं होतं. समोर रोमच्या बाजूने होते प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी. अर्जातल्या उणिवा काढणं हेच त्यांचं काम. त्यांनी विचारलं, भावना हृदयात असतात हे ठरलं कुठे? आताचे तत्त्वज्ञ तर मेंदूचं नाव घेतात. विद्वानांचा वाद मिटलेला नसताना चर्चने त्यावर सण का उभारावा? आणि आज हृदयाचा दिला, तर उद्या डोळ्यांचा, जिभेचा मागायला कोणी आलं तर?

मला हे लाम्बेर्तिनी फार आवडतात. भक्तीचे वैरी नव्हते ते. पुढे तेच पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. पण भक्तीला शरीरशास्त्राच्या टेकूवर उभं करू नका, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

पोलंडच्या बिशपांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा तो टेकू काढून टाकलेला होता. हृदय म्हणजे येशूच्या प्रेमाचं प्रतीक, बस्स. प्रतीक कुठला वैद्य खोडून काढणार? १७६५ मध्ये क्लेमेंट तेराव्यांनी पोलंडला आणि रोममधल्या एका भक्तमंडळाला सण दिला. फ्रेंच बिशपांच्या विनंतीवरून पायस नवव्यांनी १८५६ मध्ये तो साऱ्या कॅथलिक चर्चला लागू केला.

तोवर मार्गारेट मेरी ‘धन्य’देखील (ही संतपदाआधीची पायरी) ठरल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. ते झालं १८६४ मध्ये, आणि संतपद १९२० मध्ये. सणाला मान्यता देताना रोमने त्यांच्या दर्शनांचा निकाल लागण्याची वाट पाहिलीच नाही.