पावसाकडून चित्र काढून घ्यायचंय? आधी कागदाची चमक बघा!

नमस्कार मंडळी! जुलै लागला की कॉमेंट्समध्ये एकच प्रश्न: "ताई, कागद पावसात किती मिनिटं ठेवायचा?" म्हणून हा व्हिडिओ: ओल्या जलरंगावर पावसाचे थेंब पडू देऊन फुलं कशी उमटवायची.

सामान पटकन सांगते. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, कॉटन कागद, बोर्डवर चारही बाजूंनी टेप, रंग अल्ट्रामरीन निळा. थॅलो ब्लू नको, तो एकदा मुरला की हलत नाही. कागदभर वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, द्या. झालं.

आता खरी गोम. वॉश ओलाचिंब असताना बोर्ड बाहेर नेलात तर थेंब त्यातच जिरतात. वाळल्यावर नेलात तर नुसते डाग. मधली वेळ पकडायची. कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून तिरक्या नजरेनं बघा. लखलखतोय? थांबा. चमक मंदावली, पण हाताला अजून गार लागतोय? चला गॅलरीत!

मिनिटं का सांगत नाही? एप्रिलमध्ये नागपुरात वॉश बघता बघता वाळतो, जुलैत मुंबईत वाळता वाळत नाही. घड्याळ काय करणार, सांगा!

खात्री नसेल तर कोपऱ्यात ब्रशनं एक थेंब सोडा. लगेच नाहीसा झाला, तर घाई होतेय. जागीच बसला, तर उशीर झाला. हळूहळू पसरायला लागला, की हीच वेळ. थेंबात पाणी जास्त, कागदात कमी. म्हणून पाणी बाहेर सरकतं आणि रंगाचे कण ढकलत नेतं. मधे फिकट फूल उमटतं, भोवती करवतकाठी गडद कड. आणि हेअर ड्रायरवाल्यांनो, तो आधी ठेवून द्या! एकीकडे खडखडीत, दुसरीकडे तळं, असला कागद घेऊन काय करायचं?

एक दादा लिहितात, "मग तुम्ही काय केलंत? पावसानंच केलं." अहो, 1960 साली इव्ह क्लाईन या फ्रेंच चित्रकारानं ताजा रंगवलेला कॅनव्हास गाडीच्या टपावर बांधला आणि पॅरिसहून नीसला नेला. वाऱ्यापावसानं त्यावर काम केलं, खरंय. पण टपावर चढवला कोणी? आपल्या नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग लावायचे, काढायचे. अवचित उमटलेलं काय ठेवायचं, ते ठरवायला नजर लागतेच की.

भुरभुर असेल तरच बाहेर जा. मुसळधार लागली तर चहा टाका. आत आणल्यावर बोर्ड आडवाच ठेवा, नाहीतर सगळी फुलं खाली ओघळतील. आणि हो, थेंबांऐवजी जाडं मीठ टाकलं तर चालतं का? चालतं. वेळ तीच, चमक मंदावल्यावर! पण पावसाळ्यात मीठच ओल धरतं, म्हणून मी ते दिवाळीनंतर काढते.