रात्री पावणेबाराला विचारायचं कोणाला?

विज्ञान दिनाला आमच्या तालुक्यातल्या अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे बोलले होते, ते थोडं नीट करून इथे देतेय.

मुलांनो, आणि मागे उभे असलेले पालक, तुम्ही पण पुढे येऊन बसा, कारण निम्मं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्री पावणेबाराला आमच्या सायन्सच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरावीच्या एका मुलीने वहीच्या पानाचा फोटो टाकला, आणि खाली एवढंच लिहिलं, "फिजिक्सच्या पुस्तकात डब्ल्यूच्या आधी वजा आहे, केमिस्ट्रीच्या पुस्तकात अधिक आहे, यातलं चुकीचं कुठलं?" थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि कामाच्या हिशोबाचा, पहिला नियम. यात डेल्टा यू म्हणजे आतल्या ऊर्जेतला बदल, क्यू म्हणजे उष्णता आणि डब्ल्यू म्हणजे काम. फिजिक्सवाले म्हणतात डेल्टा यू बरोबर क्यू वजा डब्ल्यू, आणि केमिस्ट्रीवाले म्हणतात क्यू अधिक डब्ल्यू. ही मुलगी तीन आठवडे हे घेऊन बसली होती. वर्गात नव्वद मुलं, फिजिक्सचे सर त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर शिकवतायत, केमिस्ट्रीच्या मॅडम त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर शिकवतायत, आणि मधल्या मधे तिला वाटायला लागलं की आपल्याच डोक्यात काहीतरी कमी आहे.

उत्तर दिलं बीएस्सी सेकंड इयरच्या एका मुलाने, दुसऱ्या जिल्ह्यातला, तिला कधी भेटलेला नाही. त्याने व्हॉइस नोट पाठवली, मराठीतच. म्हणाला, फिजिक्समध्ये हे सगळं वाफेच्या इंजिनाच्या नादात वाढलं, त्यामुळे गॅसने आपल्याला किती काम करून दिलं हे त्यांना मोजायचं होतं, गॅसने केलेलं काम ते पॉझिटिव्ह धरतात. केमिस्ट्रीवाला सिस्टिमच्या बाजूने बघतो, आत येईल ते अधिक आणि बाहेर जाईल ते वजा, मग ती उष्णता असो की काम. आता समज गॅसला १०० जूल उष्णता दिली आणि त्याने फुगून ४० जूल काम केलं, तर फिजिक्समध्ये १०० वजा ४०, साठ. केमिस्ट्रीत काम बाहेर गेलं म्हणून डब्ल्यूच उणे ४०, मग १०० अधिक उणे ४०, पुन्हा साठच. आणि शेवटी म्हणाला, केमिस्ट्रीच्या जुन्या पुस्तकांत फिजिक्ससारखीच पद्धत असायची, त्यामुळे कुणाची जुनी गाईड वापरत असशील तर आधी ते बघ. आणि तिच्याकडे खरंच आतेभावाची जुनी गाईड होती!

दोन मिनिटांची व्हॉइस नोट. त्यानंतर अकरा जणांनी लिहिलं की आम्हाला पण हेच अडलं होतं. मला ते अकरा जण जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण ते सगळे गप्प होते, प्रत्येकजण आपापल्या खोलीत, आपल्या एकट्यालाच जमत नाहीये असं समजून.

यावरून मला युरी ट्राइसमन यांचं काम आठवतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात ते गणित शिकवायचे, आणि तिथे कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये फार मोठ्या संख्येने मागे पडत होती. प्राध्यापकांना विचारलं तर कोणी म्हणे तयारी कच्ची, कोणी म्हणे घरची परिस्थिती, कोणी म्हणे इच्छाच नाही. ट्राइसमन यांनी अंदाजावर सोडलं नाही, वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाची मुलं घेऊन ती प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे जवळ जाऊन बघितलं. तर कळलं काय, कृष्णवर्णीय मुलं कष्टात कमी नव्हती, सांगितलेले तास इमानदारीने भरत होती, पण एकटी बसून. चिनी मुलं आधी एकटी बसायची आणि मग एकत्र जमून एकमेकांच्या वह्या तपासायची, एकाचं उत्तर वेगळं आलं तर चूक त्याची, आणि सगळ्यांचंच अडलं तर गणितच अवघड, हे त्यांना तिथल्या तिथे कळायचं. एकट्या मुलाला हे कळायला मार्गच नसतो, तो परीक्षेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहतो. मग ट्राइसमन यांनी गट बसवले, आणि त्यात सोपी गणितं दिली नाहीत, उलट अवघड दिली, एकत्र बसून सोडवायला. मुलांचे निकाल खूपच सुधारले.

आता आपल्याकडे बघा. गावातून दहावीला पहिला आलेला मुलगा, घरातला सायन्स घेणारा पहिलाच, त्याला आपण काय सांगतो? मोबाइल ठेव, दार लाव, मन लावून एकटा बस. पालकहो, तुमचं मन मी समजू शकते, मोबाइलवर वेळ कसा जातो हे मलाही दिसतं. पण रोटेशनल मोशनच्या गणितात तो रात्री अडला तर घरात विचारायला कोण आहे? शेजारी कोण आहे? शहरातल्या मुलाला सोसायटीत एखादा इंजिनीअर दादा असतो, क्लासमध्ये डाऊटचा वेगळा तास असतो. आपल्या मुलांना हे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा कुठे थोडंफार हाताशी आलं.

पण ग्रुप काढला की शिकणं होतं असं नाही, हे पण सांगते. आमचा ग्रुप पहिले चार महिने नुसता पीडीएफ आणि शुभ सकाळचा होता. मग आम्ही जगात दुसरीकडे कसं चालतं ते बघितलं. फिजिक्स फोरम्स म्हणून इंग्रजीत एक ठिकाण आहे, २००१ पासूनचं, तिथे गृहपाठातला प्रश्न टाकायचा तर काय दिलंय, कुठली सूत्रं लागतील असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्ही स्वतः काय करून बघितलं, एवढं लिहावंच लागतं, पूर्ण सोडवून कोणी देत नाही. २०१० ला फिजिक्स स्टॅक एक्स्चेंज सुरू झालं, तिथेही नुसतं गणित सोडवून द्या म्हटलं तर प्रश्न बंद करतात, नेमकी कुठली संकल्पना अडली ते विचारा म्हणतात. आम्ही हा नियम उचलला. रफ वहीतला स्वतःचा प्रयत्न फोटोत दिसला पाहिजे, तो चुकीचा असला तरी चालेल.

पहिल्यांदा एक मुलगा फार चिडला, म्हणाला उत्तर येतंय तर सांगा ना सरळ. उतारावरच्या ठोकळ्याचं गणित होतं, त्यात एमजी म्हणजे ठोकळ्याचं वजन, नॉर्मल रिॲक्शन म्हणजे उताराने ठोकळ्याला लंब दिशेने दिलेला जोर, आणि थीटा म्हणजे उताराचा कोन. मग चिडूनच लिहायला बसला, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या ओळीला स्वतःच लिहिलं, "थांबा, मी नॉर्मल रिॲक्शन एमजी धरलीय, उतारावर ती एमजी कॉस थीटा पाहिजे." कोणी काहीच सांगितलं नव्हतं हो. दुसऱ्याला कळेल असं लिहायला गेल्यामुळे त्याचं त्यालाच दिसलं.

आणि भाषा. मराठी माध्यमातली मुलं अकरावीत गप्प होतात ती बऱ्याचदा विज्ञान येत नाही म्हणून नाही. एक मुलगी लेटंट हीट म्हटलं की घाबरायची, ग्रुपवर एकाने लिहिलं की अगं हे आपलं अप्रकट उष्मा, दहावीचंच, तर तिने पाच मिनिटांत गणित सोडवून टाकलं. तिथून मुलांनी यादीच सुरू केली, मोमेंटम म्हणजे संवेग, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन, एस्केप व्हेलॉसिटी म्हणजे मुक्तिवेग, आता ती दोनशेच्या वर गेलीय आणि दरवर्षी नवी मुलं भर घालतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, फुकट, त्यातली बरीच मराठीतही आहेत, ती पण या यादीतूनच मुलांना सापडली.

मुलींबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. मोठ्या अनोळखी ग्रुपमध्ये मुलीने प्रश्न विचारला की थोड्या वेळात तिच्या खासगी नंबरवर हाय हॅलो सुरू होतं, मग ती पुन्हा कधी विचारत नाही, ग्रुप सोडते, आणि घरी सांगत पण नाही कारण सांगितलं तर मोबाइलच जाईल. आमच्याकडे असं झालंय. आता आम्ही त्या माणसाला त्याच दिवशी काढतो, आणि ग्रुपच्या ॲडमिनमध्ये दोन सीनियर ताया ठेवल्यात, काही झालं तर थेट त्यांना सांगायचं. पालकहो, मुलीने असं काही सांगितलं तर फोन काढून घेऊ नका, चूक तिची नाही. आणि टेलिग्रामवर पेपर मिळेल म्हणून पैसे मागणारे असतात, त्यांना एक रुपया देऊ नका, एवढंच.

बाकी जास्त बोलत नाही. वह्या आणायला सांगितल्या होत्या, काढा. जिथे अडलंय ते पान उघडा, प्रश्नाखाली तुम्ही काय करून बघितलं ते दोन ओळीत लिहा, आणि शेजाऱ्याला दाखवा. पाच मिनिटं देते. मग माइक शेवटच्या रांगेत द्या, आपण तिथून सुरू करू.