नोकरी गेली, म्हणजे आशीर्वादही गेला का?

प्रभू येशूच्या नावात तुम्हां सर्वांना सलाम.

आज ज्या प्रश्नावर बोलायचंय, तो चर्चमध्ये मोठ्याने कुणी विचारत नाही. उपासनेत साक्षीची वेळ येते. एक भाऊ उभे राहतात, "प्रभूने नवा फ्लॅट दिला." एक ताई सांगतात, मुलाला परदेशात नोकरी लागली. सगळे हालेलुया म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. देवाने दिलेलं देवाच्या नावाने सांगावंच. पण त्याच बाकावर कुणीतरी असं बसलेलं असतं, ज्याची नोकरी नुकतीच गेलीय, ज्याच्या घरी कुणाचं तरी डायलिसिस चालू आहे. त्याच्या मनात येतं, मग माझ्याकडे देवाने पाठ फिरवली का? आजचा व्हिडिओ त्या माणसासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. पवित्र शास्त्र संसारातल्या सुखाला कमी लेखत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा अध्याय 28 उघडा. शेत, गुरंढोरं, धान्याची टोपली, अगदी कणीक मळायचं भांडंसुद्धा, सगळ्यावर आशीर्वाद सांगितलाय. वेळेवर पाऊस हा आशीर्वाद आहे, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. गडबड होते ती आपण हिशोब उलटा मांडतो तेव्हा. ज्याच्याकडे आहे तो आशीर्वादित, ज्याच्याकडे नाही त्याचं काहीतरी पाप असणार. ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र हेच सुनावत होते. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकतो, तो त्या मित्रांवर.

आता गणना, अध्याय 6, वचनं 24 ते 26. उपासना संपताना पाळक हात वर करून म्हणतात तीच.

"परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो, परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो."

यात मागितलंय काय? पीक नाही, कळप नाही, सोनंनाणं नाही. संरक्षण, कृपा, शांती. आणि दोन वेळा देवाचं मुख. देवाने माझ्याकडे बघावं, माझ्यापासून तोंड फिरवू नये, एवढं मागणं.

या वचनांबद्दलची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1979 साली यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर, केतेफ हिन्नोम नावाच्या जागी, पुरातत्त्वज्ञ गब्रिएल बारकाय खडकात खोदलेल्या थडग्यांचं उत्खनन करत होते. तिथे चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. इतक्या नाजूक की त्या न मोडता उलगडायलाच काही वर्षं गेली. लहानी उलगडल्यावर जेमतेम चार सेंटिमीटर भरली. तिच्यावर टोकदार सळईने कोरलेली बारीक अक्षरं होती आणि त्यांत याच आशीर्वादाचे शब्द होते. काळ इ.स.पू. सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याची सुरुवात. कुणीतरी त्या गळ्यात घालत असणार, आणि मेल्यावर त्यांच्यासोबतच त्या पुरल्या.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. "तुझे संरक्षण करो" हे शब्द ज्या शहरात लोक अंगावर बाळगत होते, तेच हे शहर. मग आशीर्वाद खोटा ठरला का? बंदिवासात गेलेल्या लोकांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी ही वचनं जपली, मुलांना दिली, म्हणून आज ती माझ्या तुमच्या तोंडी आहेत. शहर गेलं, राजा गेला, पण देवाने आपल्याला टाकलं नाही, हे त्यांनी बाबेलात राहून धरून ठेवलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती, आणि पदरात छोटी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दुःख थांबलं असं कुणी सांगत असेल तर त्याने त्यांचं आयुष्य वाचलेलं नाही. 1921 मध्ये मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः. पण मधल्या वर्षांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये काय झालं बघा. स्वतः उपासमार सोसलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आली. त्यांना जेवू घातलं, लिहा-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. रमाबाईंना आशीर्वादित म्हणायचं की नाही? माझ्या मनात तरी शंका नाही.

आणि देवाने अब्राहामाला उत्पत्ति 12 मध्ये हेच सांगितलं होतं. मी तुला आशीर्वाद देईन, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. दोन्ही एका दमात.

"विश्वासाचं बी पेरा, शंभरपट परत मिळेल" असं सांगून दान मागणाऱ्यांबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण त्यात कर्ज काढून दान देणारी माणसं भरडली जातात. शंभरपटीचं वचन मार्क 10 मध्ये आहे, ते पूर्ण वाचा. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं मिळतील, आणि त्याच यादीत प्रभू म्हणतो, छळणुकीबरोबर. हा शब्द गाळून कुणी वचन सांगत असेल तर तिथेच थांबवून विचारा. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे."

आता करायचं काय? ही तीन वचनं पाठ करा. रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणा. मंडळीत कुणाची नोकरी गेली असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर त्यांच्या घरी जा. "तुमच्या जीवनात काही पाप आहे का" असं विचारू नका. बसा, डबा न्या, महिन्याच्या औषधांना किती लागतात ते विचारा आणि जमेल तेवढे द्या. मग निघताना त्यांच्यासाठी हीच तीन वचनं म्हणा, त्यांचं नाव घेऊन.