सामाईक बांधाची रेघ

(भूगोलाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी दहावीला भूगोलाच्या पेपरात तो प्रश्न सोडवला असेल : ‘भारताच्या नकाशा आराखड्यात पुढील घटक दाखवा व सूची तयार करा.’ सोबतच्या कागदावर देशाची नुसती कड छापलेली असायची. आत सगळं कोरं. पण ती एक रेघ असली की गोदावरी कुठून काढायची, दख्खनचं पठार कुठे दाखवायचं हे हाताला कळायचं. आज मी त्या रेघेबद्दलच बोलणार आहे. संगणकावर नकाशा करताना जिल्ह्याची, तालुक्याची, राज्याची हद्द रंग न भरता नुसत्या रेघेने कशी दाखवायची, एवढाच विषय.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेसाठी महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा केला. खाली डोंगर आणि नद्या दिसाव्यात म्हणून जिल्ह्यांमध्ये रंग भरला नाही, फक्त तुटक रेघेने हद्दी काढल्या. पडद्यावर छान दिसलं, छापून आणलं, भिंतीवर लावलं. सहावीतली एक मुलगी नकाशाजवळ गेली आणि म्हणाली, “सर, समुद्राकडची रेघ तुटक आहे, मग जिल्ह्यांच्या मधली सलग का?” मी जवळ जाऊन पाहिलं. ती म्हणत होती ते खरं होतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर रेघ नीट तुटक होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या मध्ये मात्र ती जाड, अडखळत गेलेली, जवळजवळ सलग होती. दोन्हीकडे मी एकच शैली दिली होती. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तिला तसं सांगितलं.

ते उत्तर नंतर सापडलं. जिल्ह्यांच्या हद्दी आपल्याला बहुतेक वेळा शेपफाइल नावाच्या स्वरूपात मिळतात. हे स्वरूप १९९०च्या दशकात आलं आणि अजून सगळीकडे चालतं. त्यात प्रत्येक जिल्हा म्हणजे एक पॉलिगॉन, म्हणजे बिंदू जोडून झालेली बंद आकृती, आणि प्रत्येक पॉलिगॉन आपली संपूर्ण कड स्वतःजवळ ठेवतो. रत्नागिरीकडे रत्नागिरीची कड, सिंधुदुर्गाकडे सिंधुदुर्गाची. म्हणजे या दोघांमधली हद्द त्या फाइलमध्ये दोनदा लिहिलेली असते. सॉफ्टवेअर आधी एक जिल्हा काढतं, मग दुसरा, आणि मधली रेघ दोनदा ओढली जाते.

एवढ्यावर थांबत नाही. शेपफाइलमध्ये बाहेरची कड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लिहायची असा नियम आहे. रत्नागिरीची कड त्या दिशेने फिरत दक्षिण टोकाला येते तेव्हा सह्याद्रीकडून समुद्राकडे जाते. सिंधुदुर्गाची कड त्याच हद्दीवरून समुद्राकडून सह्याद्रीकडे चढते. तुटक रेघेचे तुकडे कड जिथून सुरू होते तिथपासून मोजले जातात. दोघांचा आरंभ वेगळा, दिशा उलटी. त्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या फटीत पडतो आणि फट बुजते. किनाऱ्याला दुसरा धनीच नाही, म्हणून तिथली रेघ जशी सांगितली तशी उमटते. तुम्ही अर्धपारदर्शक रेघ वापरली तर हाच दोष दुसऱ्या रूपात दिसेल : आतल्या हद्दी गडद, बाहेरची कड फिकट. आणि जिल्ह्यांना वेगवेगळ्या रंगांच्या कडा दिल्यात तर जो जिल्हा नंतर काढला जातो त्याचा रंग शेजाऱ्याच्या रंगावर बसतो.

आता जरा संगणक बाजूला ठेवू. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जमिनीचं खरेदीखत असेल तर काढून पाहा. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस अमुक गट नंबर, उत्तरेस रस्ता. जमिनीची ओळख तिच्या शेजाऱ्यांवरून सांगायची ही पद्धत. आणि दोन शेतांमध्ये जो बांध असतो तो सामाईक असतो. दोन शेतकरी एकाच जागी दोन बांध घालत नाहीत. गावाची शीवही तशीच, अलीकडच्या गावाची आणि पलीकडच्या गावाची एकच. मुंबईतलं शीव, ज्याला आपण सायन म्हणतो, त्याला ते नाव मुंबई बेट आणि साष्टी यांच्या मधली हद्द म्हणूनच पडलं.

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येही हा विचार एकेकाळी होता. १९८२ साली आलेल्या आर्क-इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हद्दीची प्रत्येक रेघ एकदाच साठवली जायची आणि तिच्याबरोबर डावीकडे कोण, उजवीकडे कोण ही नोंद असायची. चतुःसीमाच ती! शेपफाइलने सोपेपणासाठी आणि वेगासाठी ती नोंद सोडून दिली. पुढे माइक बोस्टॉक या प्रोग्रामरच्या टोपोजेसन या फाइल-स्वरूपाने वेबवरच्या नकाशांसाठी ती परत आणली. त्यात हद्दीचा प्रत्येक तुकडा एकदाच असतो आणि कुठला तुकडा कुणाकुणाचा हे विचारता येतं. ज्या रेघेला दोन धनी ती आतली हद्द. ज्या रेघेला एकच धनी ती बाहेरची कड. या एका प्रश्नावर आतल्या रेघा बारीक आणि बाहेरची ठळक असं वेगळं करता येतं.

मला आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे : हद्द ही कुठल्याही एका जिल्ह्याची किनार नव्हे. ती दोन शेजाऱ्यांमधली स्वतंत्र वस्तू आहे आणि नकाशात तिला स्वतःचा थर मिळायला हवा.

हे करायचं कसं? क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉनच्या शैलीत ‘सिंपल फिल’ काढून ‘आउटलाइन : सिंपल लाइन’ निवडलं की रंग जातो आणि रेघ राहते. घाईच्या कामाला, सलग आणि अपारदर्शक रेघेला एवढं पुरतं. तुटक रेघ हवी असेल तर आधी ‘पॉलिगॉन्स टू लाइन्स’ चालवा आणि मग ‘डिझॉल्व्ह’. नुसतं पहिलं करून थांबू नका, कारण त्यात दुहेरी रेघा तशाच राहतात. डिझॉल्व्हने एकावर एक पडलेल्या रेघा एक होतात. अर्थात दोन्ही जिल्ह्यांचे बिंदू तंतोतंत जुळत असले तरच. ते जुळत नसले तर मधे बारीक चिरा पडतात, कुठे एकमेकांवर चढतात, आणि मग आधी दुरुस्ती करावी लागते.

मला स्वतःला मॅपशेपर हे साधन जास्त आवडतं. ते ब्राउझरमध्ये चालतं. फाइल आत टाकली की ते सामाईक हद्दी स्वतः ओळखतं. त्यातली ‘इनरलाइन्स’ ही आज्ञा फक्त आतल्या हद्दी काढून देते. ‘लाइन्स’ ही आज्ञा आणखी पुढे जाते. तिला जिल्हा आणि राज्य हे रकाने सांगितले की प्रत्येक रेघेवर ती कुठल्या दर्जाची आहे ते लिहून देते. दोडामार्ग तालुका आणि गोवा यांच्या मधली रेघ घ्या. ती तालुक्याची हद्द आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्याची आहे आणि राज्याचीही आहे. तीन थर एकावर एक ठेवले तर तिथे तीन रेघा पडतात आणि त्यांचे तुकडे एकमेकांत घुसतात. तिथे एकच रेघ हवी, सर्वांत वरच्या दर्जाची. महाराष्ट्रात ३५० हून अधिक तालुके आहेत. ही दर्जाची नोंद नसेल तर तो नकाशा वाचताच येत नाही.

रेघा हलक्या करतानाही हाच प्रश्न येतो. वेबसाठी हद्दीतले अनावश्यक बिंदू काढून टाकावे लागतात. त्यासाठी १९७३ची डग्लस-पॉकर पद्धत आहे, १९९३ची विश्वलिंगम-व्हायट पद्धत आहे. प्रत्येक जिल्हा वेगळा घेऊन ती चालवली तर एकाच हद्दीवर दोन बाजूंनी वेगळे बिंदू राहू शकतात आणि मधे भेगा पडतात. सामाईक रेघ एकदाच घेऊन चालवली तर भेग पडायला जागाच उरत नाही.

वेबवाल्यांसाठी एक सूचना, कारण यात मी अनेकांना अडकलेलं पाहिलंय. वेबवर नकाशा दाखवणाऱ्या मॅपलिब्रेसारख्या साधनांत पॉलिगॉनला कडेचा रंग देता येतो, पण ती कड एक पिक्सेलच राहते, तिची जाडी वाढवता येत नाही. जाड किंवा तुटक रेघ हवी तर वेगळा रेघांचा थर लागतो. शिवाय तिथे नकाशा चौकोनी टाइल्समध्ये कापलेला असतो. पॉलिगॉन टाइलच्या कडेला कापला गेला आणि बाहेर पुरेशी जागा सोडलेली नसली तर ती कापलेली कडही हद्द म्हणून उमटू शकते, आणि विदर्भाच्या मधोमध कुठेच नसलेली सरळ रेघ दिसते. हद्दी पहिल्यापासून रेघा म्हणूनच टाइलमध्ये घातल्या तर हा त्रास होत नाही.

रंग भरायचा सोडून रेघच का, असं कुणी विचारेल. खालचं उपग्रहाचं छायाचित्र किंवा डोंगर दिसतो हे एक कारण आहेच. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं कारण. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्याच्या टोकाला चौदा गावं आहेत, ज्यांवर महाराष्ट्राचाही दावा आहे आणि तेलंगणाचाही. रंगाने नकाशा भरायला बसलात तर त्या जमिनीला एकच रंग द्यावा लागतो. रेघांनी काढलात तर दोन्ही दाव्यांच्या रेघा दाखवता येतात, मधल्या पट्ट्यात त्या गावांची नावं लिहिता येतात आणि सूचीत सरळ सांगता येतं की इथे दोन रेघा आहेत. त्या गावांतल्या माणसांचं रोजचं जगणं त्या दोन रेघांच्या मध्ये चाललेलं आहे. नकाशात ते दिसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. देशाच्या बाहेरच्या सीमेबाबत मात्र आपल्याला निवड नाही. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्यायची, कायदाच तसा आहे. परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेली भारताची कड तपासल्याशिवाय कधीही छापू नका.

आता उजनीकडे या. इंदापूर पुणे जिल्ह्यात, करमाळा सोलापुरात, आणि मधे भीमा. नदीच हद्द. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि तिथे नदीच्या जागी मैलोगणती पसरलेलं पाणी आलं. जुन्या पात्राबरोबर पळसदेवचं देऊळही पाण्याखाली गेलं. पाणी खूप खाली जातं तेव्हा उन्हाळ्यात ते वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. नकाशात मात्र हद्द अजून त्या बुडालेल्या नदीच्या वळणांनी जाते. छायाचित्रावर नुसती रेघ टाकून पाहा. निळ्या पसाऱ्याच्या मधोमध एक नागमोडी रेघ दिसते. भीमा पूर्वी कुठून वाहत होती ते ती रेघ सांगते. दोन्ही जिल्ह्यांत गडद रंग भरला असता तर हे दिसलंच नसतं. इथे एक कारागिरीची गोष्ट : पाण्यावर काळी बारीक रेघ हरवते. म्हणून तीच रेघ दोनदा काढायची, मुद्दाम. खाली पांढरी, रुंद आणि थोडी पारदर्शक, वर बारीक काळी. मग ती पाण्यावरही वाचता येते आणि उसाच्या हिरव्या शेतांवरही.

किनाऱ्याबद्दल थोडंसं. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशामधून देशाची हद्द घेतलीत तर ती समुद्रात १२ सागरी मैल आत जाते, कारण तिथवरचा समुद्र आपला आहे. ती कड म्हणून काढली की कोकणाच्या खाड्या, भूशिरं सगळं नाहीसं होतं आणि पाण्यात एक गुळगुळीत वक्र रेघ उरते. किनारा हवा असेल तर किनाऱ्याचा थर वेगळा घ्या. आणि किनारा किती बारकाईने मोजायचा हेही आधी ठरवा. भारताचा किनारा अनेक वर्षं ७,५१६.६ किलोमीटर असा पाठ्यपुस्तकात होता. नव्या, अधिक बारीक मोजणीत तो ११ हजारांच्या पुढे गेला. त्यासाठी जमीन वाढावी लागली नाही. आधी सुटलेली वळणं धरली गेली, एवढंच.

शेवटची गोष्ट काळाची. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. २०११च्या जनगणनेत ३५ होते, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जनगणनेचे आकडे आजच्या हद्दींना जोडलेत तर पालघर रिकामा दिसेल आणि ठाण्याच्या लहान झालेल्या तुकड्यावर संपूर्ण जुन्या ठाण्याचे आकडे बसतील. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. म्हणून माझ्या रेघांच्या थरात मी एक रकाना ठेवतो : ही हद्द कधीपासून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या मधल्या रेघेपुढे तिथे १९८१ लिहिलेलं आहे, पालघर आणि ठाण्याच्या मधल्या रेघेपुढे २०१४. हा रकाना पॉलिगॉनला जोडता येत नाही, कारण एका जिल्ह्याच्या चार बाजू चार वेगळ्या काळांतल्या असू शकतात. पालघरची गुजरातकडची हद्द १९६०ची आहे.

तुमच्या समोरच्या संगणकांवर जिल्ह्यांची फाइल ठेवली आहे. आधी तुटक रेघ द्या आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मध्ये मोठं करून पाहा. त्या मुलीने जे पाहिलं ते तुम्हालाही दिसेल. मग मॅपशेपर उघडा.