भिंतीवरची ओल कुठून येते?

नमस्कार, श्रोतेहो. आमची इमारत पुण्यातली, १९८४ साली बांधलेली, तीन मजली. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली आणि म्हणाली, "काका, आमच्या बेडरूमच्या छताला ओल धरली आहे, जरा बघता का?" त्या खोलीवर आमचे न्हाणीघर येतच नाही, असे मी तिला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. तिने बिचारीने पोपडे खरवडून, लांबी भरून छत रंगवून घेतले आणि दोन महिन्यांत तोच डाग पुन्हा उमटला. शेवटी शोध घेतला तेव्हा कळले की आमच्या न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे न्हाणीतले सांडपाणी वाहून नेणाऱ्या फरशीतल्या भांड्याचा, सांधा सुटला होता. तिथून झिरपणारे पाणी फरशीखालच्या कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या भरावात, साचत होते आणि स्लॅबच्या उतारावरून सरकत, दोन भिंती ओलांडून, तिच्या डोक्यावर उतरत होते.

जुन्या घरातल्या दुरुस्त्यांना आपण 'अचानक उद्भवलेल्या' म्हणतो, पण त्या बहुधा अचानक आलेल्या नसतात. घराने आधी खुणा केलेल्या असतात, आणि आपण त्या खुणाच रंगवून टाकतो. म्हणून गवंड्याला बोलावण्यापूर्वी पाणी कुठून येते हे शोधणे, हे दुरुस्तीचे खरे पहिले काम आहे.

ते शोधायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. पावसाळ्यात ओल दिसली आणि दिवाळीनंतर वाळली, तर गच्ची, छज्जा किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग तपासावी. एप्रिल-मे महिन्यांतही ओल तशीच राहिली, तर ती पावसाची नव्हे, नळाची किंवा सांडपाण्याची समजावी. त्या काळच्या घरांत भिंतीत गाडलेले नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असत आणि ते आतून गंजत जातात. घरातल्या सर्व तोट्या बंद करूनही पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल, तर गळती मीटरनंतरच्या नळात कुठेतरी आहेच. सांडपाण्याचा संशय असेल, तर न्हाणीचे तोंड बंद करून तिच्यात दोन इंच रंगीत पाणी २४ तास भरून ठेवावे. खाली रंग उमटला तर फरशी किंवा कोबा दोषी. नाही उमटला, तर तोंड उघडून तेच पाणी सोडावे आणि ट्रॅपचा सांधा पाहावा. रंगपंचमीचा उरलेला रंगही या कामाला चालतो.

यापेक्षा गंभीर खूण म्हणजे तुळई किंवा स्लॅबच्या खालच्या बाजूला, सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा आत शिरत गेला की तो गुण कमी होतो आणि सळई गंजू लागते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत खारी हवा याच कामाला हातभार लावते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. अशा जागी हातोडीने हलकेच ठोकल्यास घट्ट काँक्रीटचा खणखणीत आवाज येत नाही, बद्द आवाज येतो. तिथे नुसते सिमेंटचे प्लास्टर मारणे म्हणजे गंज झाकणे होय. सैल झालेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावे लागते, सळई घासून तिच्यावर गंजरोधक लेप द्यावा लागतो, ती फार झिजली असल्यास जोडीला नवी घालावी लागते आणि मगच पॉलिमरमिश्रित मॉर्टरने ती जागा भरावी लागते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे, कारण नेमके किती तोडायचे आणि तोवर टेकू कुठे द्यायचे, हे गवंड्याने अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नाही.

खर्च कोणाचा, या प्रश्नावर शेजारीपाजारी बोलणे बंद होते, म्हणून एवढे सांगतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळांतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची गळती त्या सदनिकाधारकाची असते. शेजारणीच्या छताचे पैसे म्हणूनच मी दिले. याच उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करायची असते. सर्वसाधारण सभेत मासिक शुल्क वाढवण्यावरून जितका आवाज चढतो, तितका या तपासणीबद्दल विचारताना चढलेला मी अजून ऐकलेला नाही.

कंत्राटदाराशी बोलताना अंगावर घेतलेल्या कामाचा एकच मोठा आकडा मान्य करू नये. कोणते काम, किती चौरस फूट आणि कोणत्या दराने, हे लिहून घ्यावे. जलरोधनाच्या दहा वर्षांच्या हमीवर मी स्वतः फारसा विसंबत नाही, कारण कागद टिकतो आणि दुकानाची पाटी बदलते. त्यापेक्षा कामाची थोडी रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. कामांचा क्रमही बदलू देऊ नये: आधी पाणी थांबवावे, मग सळई आणि काँक्रीट, मग प्लास्टर, आणि भिंत पुरती वाळल्यावर रंग. ओल्या भिंतीवर रंग दिला, तर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार, त्याला वर्षभरातच फोडून बाहेर येतो.

आज घरी एखादी भेग दिसली, तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. आमच्या जिन्यातल्या एका भेगेपाशी अशा चार तारखा आहेत. पहिल्या तीन तारखांच्या रेघा एकाच जागी आहेत आणि चौथी, गेल्या पावसाळ्यानंतरची, बोटभर पुढे सरकली आहे. पुढच्या आठवड्यात अभियंते ती पाहायला येणार आहेत.